टाउबेच्या पंखावरचा ओरखडा

प्रशिया या जुन्या जर्मन राज्याच्या लष्करी वैमानिकाचा जो बिल्ला मी एका लिलावातून घेतला होता, तो खोटा आहे हे ठरवायला मला अकरा महिने लागले. त्यांपैकी जवळजवळ आठ महिने मी तो खरा आहे हेच सिद्ध करण्यात घालवले होते. ही तपासणी क्रमाने लिहून ठेवण्याचे कारण एवढेच, की त्या आठ महिन्यांत माझे एकही मोजमाप चुकले नव्हते. मोजायचे काय, ते मात्र मला उशिरा कळले.

आधी बिल्ल्याविषयी. जर्मन सम्राट कैसर दुसरा विल्हेल्म याने २७ जानेवारी १९१३ रोजी, आपल्या ५४ व्या वाढदिवशी, लष्करी वैमानिकांसाठी हा बिल्ला सुरू केला. पुढच्या वर्षी त्याच तारखेला विमानातून टेहळणी करणाऱ्या निरीक्षकांना त्यांचा वेगळा बिल्ला मिळाला, आणि २७ जानेवारी १९१८ रोजी विमानातल्या मशीनगनवाल्यांना. वैमानिकाचा बिल्ला उभट लंबगोल असून साधारण सात सेंटिमीटर उंच आहे. कडेने एका बाजूला लॉरेलच्या आणि दुसऱ्या बाजूला ओकच्या पानांची माळ, वर मुकुट, आणि मध्ये भूप्रदेशावरून उडणारे टाउबे जातीचे विमान, अशी त्याची रचना. टाउबे म्हणजे पारवा. इगो एट्रिख या ऑस्ट्रियन संशोधकाने हे विमान तयार केले. झानोनिया वेलीचे पातळ पंखांचे बी वाऱ्यावर तरंगत जाते, त्याच्या आकारावरून त्याने पंखांची कल्पना घेतली होती. जर्मनीत ते रुम्पलरच्या कारखान्यातून बाहेर पडले आणि त्याच नावाने ओळखले गेले. पहिल्या महायुद्धाच्या पहिल्या वर्षानंतर आघाडीवर त्याचा फारसा उपयोग उरला नाही. पण पुढे फोकर आणि अल्बाट्रॉस ही नवी विमाने चालवणारे वैमानिकसुद्धा छातीच्या डाव्या बाजूला हाच जुना पारवा लावून फिरत राहिले.

हे विमान परीक्षकाच्या उपयोगाचे आहे. टाउबेच्या पंखांची टोके मागे वळलेली असतात आणि मागच्या कडेला पिसांसारख्या बरगड्या दिसतात. ज्याने हे विमान कधी नीट पाहिलेले नाही, त्याने नव्याने कोरलेल्या ठशात, म्हणजे पत्र्यावर आकृती दाबून उमटवणाऱ्या पोलादी छापात, पंख सरळ होतात, शेपूट आखूड होते आणि पारव्याचे कुठलेही साधे विमान होऊन बसते. बाजारातल्या निकृष्ट नकला इथेच उघड्या पडतात. माझ्या बिल्ल्यावरचे पंख मात्र अगदी जसे हवेत तसेच होते, आणि मी पहिल्याच रात्री वहीत लिहिले, ‘विमान निर्दोष.’

या बिल्ल्यांची परीक्षा अवघड होण्याचे मुख्य कारण असे, की त्यांचा एकच ठरलेला नमुना नाही. वेगवेगळ्या सराफांनी ते घडवले. युंकर आणि मेयबाउअर ही बर्लिनमधली त्यांपैकी ठळक नावे. शिवाय ऐपत असलेले अधिकारी स्वतःच्या पैशाने चांदीचा, अधिक नाजूक कामाचा बिल्ला करवून घेत. त्यामुळे काही बिल्ले एका पत्र्यातून दाबून काढलेले आणि मागून पोकळ, तर काहींना मागे दुसरा पत्रा जोडलेला. काहींची पाने सुटी सुटी, काहींची एकमेकांत मिसळलेली. बव्हेरिया या दुसऱ्या जर्मन राज्याचे बिल्ले पुन्हा वेगळे, कारण त्यांवर मुकुट बव्हेरियाचा. त्यातच युद्धानंतर अनेक माजी वैमानिकांनी हरवलेल्या बिल्ल्यांच्या जागी नवे घेतले. ते बिल्ले प्रामाणिक आहेत, पण युद्धकाळातले नाहीत. एवढी विविधता असल्यावर ‘असा बिल्ला मी कधी पाहिला नाही, म्हणून खोटा’ असे म्हणता येत नाही. नकलाकाराला नेमके हेच हवे असते.

कागदपत्रांवरून पडताळणी करावी, तर तिथेही वाट अडते. प्रशियाच्या सैन्याचे बहुतेक दप्तर पॉट्सडॅमच्या लष्करी अभिलेखागारात होते आणि एप्रिल १९४५ मधल्या ब्रिटिश हवाई हल्ल्यात ते जळून गेले. बव्हेरियाचे लष्करी दप्तर म्युनिकमध्ये वाचले, म्हणून बव्हेरियन वैमानिकाचे नाव हाती असेल तर काही शोध घेता येतो. फ्रान्सची गोष्ट त्याहून सोयीची. तिथल्या वैमानिकांचा १९१६ पासूनचा धातूचा बिल्ला मागे क्रमांक घेऊन येतो आणि तो क्रमांक वैमानिकाच्या परवान्याशी ताडून पाहता येतो. प्रशियाच्या बिल्ल्याला ना क्रमांक, ना यादी. म्हणजे वस्तूला जे काही सांगायचे असेल, ते तिनेच सांगायला हवे.

माझा बिल्ला एका जुन्या निळ्या मखमली डबीत आला. डबी खरोखरच जुनी होती. आतल्या रेशमाच्या घड्या पिवळ्या पडून चिरत चालल्या होत्या. पण डबी आणि बिल्ला यांचा संबंध कोणीही कधीही जोडू शकतो, एवढे तेव्हाही मला कळत होते. सोबत एक छापील चिठ्ठी होती, ‘अधिकाऱ्याच्या कुटुंबाकडून’ असे सांगणारी. कोणता अधिकारी, कोणते कुटुंब, याचा उल्लेख नव्हता. बिल्ल्याच्या पाठीवर उभी पिन, वर बिजागरी, खाली आकडा, आणि बिजागरीच्या बाजूला तीन खुणा होत्या : चंद्रकोर, मुकुट आणि ८००. जर्मनीत १८८८ पासून चांदीच्या मालावर चंद्रकोर, मुकुट आणि शुद्धतेचा आकडा मारण्याची पद्धत कायद्याने सुरू झाली. हजारात ८०० भाग चांदी ही त्याची किमान पातळी. तेव्हा खुणाही जागच्या जागी होत्या.

मी चांदीपासून सुरुवात केली. ८०० च्या चांदीत उरलेले भाग बहुधा तांब्याचे असतात आणि अशा मिश्रणाची घनता पाण्याच्या साधारण १०.१ ते १०.२ पट येते. जर्मन सिल्व्हर, म्हणजे तांबे, निकेल आणि जस्त यांचे मिश्रण, ८.७ च्या आसपास राहते. नावात चांदी असली तरी त्यात चांदीचा अंशही नसतो. जस्ताच्या ओतीव वस्तू तर ७ च्या आसपासच राहतात. हा फरक घरच्या काट्यावर पकडता येतो. एक शतांश ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा, त्यावर पाण्याचा पेला, आणि वरून बारीक दोऱ्याने टांगलेला बिल्ला, तळाला किंवा काठाला न टेकणारा. बिल्ला पाण्यात बुडाला की काट्यावरचा आकडा जितका वाढतो, तितके त्याचे आकारमान. पाने आणि मुकुट यांच्या कोपऱ्यांत हवेचे बुडबुडे अडकतात आणि उत्तर बिघडवतात, म्हणून पाण्यात साबणाचा एक थेंब घालायचा आणि मऊ कुंचल्याने बुडबुडे हलवायचे. माझ्या बिल्ल्याचे कोरडे वजन २७.४२ ग्रॅम भरले, आणि पाण्यातला आकडा चार वेळा घेतल्यावर २.७० वर स्थिर झाला. भागाकार १०.१६. मी वहीत दोनदा अधोरेखित केले. दोन पत्र्यांच्या बिल्ल्यावर ही रीत चालत नाही, कारण मधल्या पोकळीतली हवाही मापात येते आणि अस्सल चांदी जस्तासारखी हलकी ठरते. माझा बिल्ला एकाच पत्र्याचा दिसत होता, म्हणून आकड्यावर विश्वास ठेवायला हरकत नव्हती.

तेवढ्यावर न थांबता मी क्ष-किरणांनी धातू तपासणाऱ्या यंत्रावर त्याची परीक्षा करवून घ्यायचे ठरवले. त्या यंत्राची पाळी लागायला दीड महिना होता. त्या काळात मी संग्रहातल्या इतर वस्तू बाहेर काढल्या आणि हात बसावा म्हणून त्याच भिंगाखाली एकेक घालू लागलो. तिथे एक छोटा अपघात झाला.

माझ्याकडे ब्रिटिशांच्या रॉयल फ्लाइंग कोअरचा कापडी पंखबिल्ला होता. गडद कापडावर पांढऱ्या रेशमाने भरलेले दोन पंख, मध्ये पानांच्या माळेत आर, एफ, सी ही अक्षरे आणि वर मुकुट. या नमुन्याला फेब्रुवारी १९१३ मध्ये राजा पंचम जॉर्जची मंजुरी मिळाली आणि १ एप्रिल १९१८ रोजी कोअरचे रूपांतर रॉयल एअर फोर्समध्ये झाल्यावर मधली अक्षरे बदलली. इंद्रलाल रॉय या भारतीय वैमानिकाने १९१७ साली कोअरमध्ये भरती होऊन मिळवले ते हेच पंख. जुलै १९१८ मध्ये जेमतेम दोन आठवड्यांत शत्रूची दहा विमाने पाडल्याची नोंद त्याच्या नावावर झाली आणि त्याच महिन्याच्या २२ तारखेला तो मारला गेला. त्या एका नावामुळे ही वस्तू माझ्या विशेष मायेची होती. अंधाऱ्या खोलीत तिच्यावर अतिनील दिव्याचा झोत टाकला, आणि पंखांच्या कडेचा पांढरा दोरा निळसर उजेडाने लखलखला. धागा अधिक शुभ्र दिसावा म्हणून जी रसायने आता सर्रास वापरतात, ती अतिनील किरणांत अशी चमकतात. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या कापडात ती सापडत नाहीत. पहिल्यांदा मी स्वतःची समजूत घातली की कोणीतरी तो साबणाच्या भुकटीत धुतला असेल, कारण त्या भुकटीतही तीच रसायने असतात. पण धुतला असता, तर आजूबाजूचे पांढरे रेशीमही चमकले असते. चमकत होती ती फक्त कड. खालचे पंख मूळचे आणि कड नंतर शिवून दुरुस्त केलेली, हे भिंगाखाली मग स्पष्ट दिसले. पंख वाचले म्हणून मी सुटकेचा श्वास टाकला, आणि त्याच दिवशी दिव्याचा झोत प्रत्येक वस्तूवर टाकण्याची सवय लागली.

मिन्याच्या बिल्ल्यांवर हा दिवा आणखी उपयोगी पडतो. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या वैमानिकांच्या बिल्ल्याची पानांची माळ हिरव्या मिन्याची असते. खरा मिना म्हणजे धातूवर वितळवलेली काच; सुई लावली तर ती घसरते आणि ओरखडा उठत नाही. नकलेवर बहुधा रंगीत राळ भरलेली असते. ती सुईच्या टोकाने दबते, कधी अतिनील उजेडात चमकते, आणि कडेला धातूच्या भिंतीवर थोडी वर चढलेली दिसते, जशी वाटीत ओतलेली खीर काठाला चिकटून वर चढते. प्रशियाच्या वैमानिकाच्या बिल्ल्याला मिना नसतो, म्हणून त्या परीक्षेचा मला या कामी उपयोग नव्हता.

क्ष-किरण यंत्राने चांदी ८२ टक्के सांगितली, तांबे १७ च्या वर, आणि थोडे जस्त. चांदी ८०० पेक्षा किंचित जास्त दिसण्यात वावगे नव्हते. दागिना तापवून आम्लात उजळला की वरच्या थरातले तांबे विरघळून निघते आणि पृष्ठभागी चांदीचे प्रमाण वाढते. हे यंत्र पृष्ठभागाखाली केसाच्या जाडीइतकेही खोल पाहत नाही, तेव्हा त्याला जे वरवर आहे तेच दिसणार. जस्ताबद्दल मी विचारले, तर यंत्र चालवणाऱ्या गृहस्थांनी सांगितले की डाखात जस्त असतेच. मी मान डोलावली. डाख होता बिजागरीपाशी आणि मोजमाप घेतले होते पंखावर, हे लक्षात यायला मला घरी पोहोचेपर्यंतचा वेळ लागला, आणि लक्षात आल्यावरही मी ते बाजूला सारले. ओतकामाच्या आजच्या चांदीत जस्त मुद्दाम घालतात, त्यामुळे ओतताना हवेचा परिणाम कमी होतो, हे मला पुढे वाचायला मिळाले. तेव्हा वाचले असते, तर तीन महिने वाचले असते. निदान मी तसे मानतो.

या टप्प्यावर मी एका वयस्क संग्राहकांकडे गेलो. चाळीस वर्षे केवळ पहिल्या महायुद्धाचे वैमानिकी बिल्ले पाहण्यात गेलेली. त्यांनी माझी वही वाचली, घनतेचा भागाकार स्वतः करून पाहिला आणि म्हणाले, “चांदी चांदीच आहे, एवढे तुम्ही सिद्ध केलेत. पण चांदीला वय नसते.” मग बिल्ला उलटा करून माझ्यापुढे ठेवला. “मागची बाजू आधी बघत जा. पुढची बाजू सगळेच बघतात, नक्कल करणाराही तीच बघतो.”

त्यांच्याकडे त्याच जातीचा एक बिल्ला होता. वैमानिक दलाच्या निरीक्षणालयाने दिलेला १९१६ चा कागद आणि तो बिल्ला छातीवर लावलेले मूळ धारकाचे छायाचित्र, दोन्ही त्याच्यासोबत एकाच घरातून त्यांच्याकडे आलेली. माझ्या संपूर्ण तपासणीत हाच एक भक्कम आधार होता. त्यांनी तो मला त्यांच्याच टेबलावर, त्यांच्याच दिव्याखाली, हवा तितका वेळ पाहू दिला. दोन्ही बिल्ले शेजारी ठेवून वीस पट मोठे दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली मी पानापानाने पुढे सरकलो. ओकच्या खालून चौथ्या पानाजवळ, देठाला लागून, त्यांच्या बिल्ल्यावर केसासारखी बारीक उठावदार रेघ होती. पोलादी ठशाला तडा गेला की दाबताना धातू त्या फटीत शिरतो आणि प्रत्येक नगावर अशी रेघ उमटते. माझ्याही बिल्ल्यावर, त्याच पानापाशी, त्याच कोनात, तशीच रेघ होती.

मला आनंद लपवता आला नाही. दोन्ही एकाच ठशातून निघाले, यापेक्षा चांगला पुरावा कोणता? त्यांनी शांतपणे व्हर्नियर कॅलिपर पुढे केला.

त्यांचा बिल्ला ६९.८ मिलिमीटर उंच आणि ४४.६ रुंद भरला. माझा ६८.६ आणि ४३.८. विमानाच्या पंखांची टोकापासून टोकापर्यंतची लांबी त्यांच्याकडे ३१.० आणि माझ्याकडे ३०.४. मी आधी कड घासली गेली असेल असे म्हणून पाहिले. पण कड घासून पंखांची लांबी कमी होत नाही. तिन्ही मापांत घट जवळजवळ सारखी, दोन टक्क्यांच्या थोडी आत. वेगळ्या ठशातून निघालेला बिल्ला असता, तर एक माप कमी, दुसरे जास्त, असा विस्कळीत फरक दिसला असता. सगळीकडून सारखा आकसलेला बिल्ला म्हणजे ओतीव बिल्ला. मूळ बिल्ल्यावरून रबराचा साचा घेतात, त्यात मेण भरतात, मेणाभोवती गिलावा करून ते वितळवून काढतात आणि पोकळीत चांदी ओततात. मेण थंड होताना थोडे आकसते, चांदी गोठताना थोडी आकसते, आणि दोन्ही मिळून मूळ वस्तूची किंचित लहान प्रत तयार होते. ठशाच्या तड्याची रेघही त्या प्रतीत तशीच्या तशी उतरते. मी ज्याला पुरावा समजत होतो, तो साच्याने इतर सगळ्या गोष्टींबरोबर उचलून आणलेला होता.

त्या दुपारी पुढचे सगळे आपोआप दिसू लागले. ते आधीपासून तिथेच होते.

शुद्धतेच्या खुणेपासून सुरुवात केली. पोलादी छिन्नीने मारलेली खूण धातूला बाजूला सारते. आकड्यांच्या कडा धारदार असतात, तळ सपाट असतो, आणि भोवती सारलेल्या धातूची अगदी बारीक वरंबी उठते. संग्राहकांच्या बिल्ल्यावरच्या ८०० भोवती ती वरंबी होती. माझ्या बिल्ल्यावर आकड्यांच्या कडा गोलसर होत्या, जणू जिभेवर थोडा वेळ ठेवलेली खडीसाखर. मधल्या शून्याच्या आत, तळाशी, चांदीचा एक सूक्ष्म मणी बसलेला होता. गिलाव्यात मेणाला चिकटून राहिलेल्या हवेच्या बुडबुड्याच्या जागी ओतताना चांदी भरली की असा मणी तयार होतो. छिन्नीच्या खुणेत तो येण्याचा काही मार्गच नाही. म्हणजे खूण मारलेली नव्हती, बिल्ल्याबरोबर ओतली गेली होती.

मग कड. ठशाच्या बिल्ल्याची कड कापणाऱ्या हत्याराने वरून खाली छाटलेली असते आणि भिंगाखाली उभ्या बारीक रेघा दिसतात. माझ्या बिल्ल्याची कड कडेला समांतर, आडव्या रेघांनी कानसलेली होती. आणि खाली माळेची गाठ येते तिथे, एका करंगळीच्या नखाएवढ्या भागात, कानस जरा जास्तच फिरली होती. चांदी साच्यात शिरते ती नळी बहुधा इथेच जोडलेली असावी. पाठीवर तिरपा उजेड टाकला, तर पंखांच्या मागच्या खळग्यात संत्र्याच्या सालीसारखा खरखरीतपणा आणि टाचणीच्या टोकाएवढे तीन खड्डे दिसले. दाबलेल्या पत्र्यात असे खड्डे पडत नाहीत. पिन आणि बिजागरी मात्र खरोखर जुनी होती, कुठल्या तरी जुन्या ब्रोचवरून काढून इथे जोडलेली. पहिल्या आठवड्यात मला याच जुन्या बिजागरीने सर्वांत जास्त भुलवले होते, कारण तिचे भोक वर्षानुवर्षांच्या उघडझापीने लंबगोल झाले होते.

झिजेकडे पाहण्याची दृष्टीही इथे बदलली. मुकुटावरचा क्रूस आणि पंखांची टोके गुळगुळीत झाली होती, जशी कपड्यावर वर्षानुवर्षे लावलेल्या बिल्ल्याची व्हावीत. पण खऱ्या झिजेत प्रत्येक दिशेने गेलेल्या असंख्य बारीक रेघा असतात आणि घासलेल्या उंचवट्याचा पोत आजूबाजूच्या खोलगट भागाहून वेगळा दिसतो. माझ्या बिल्ल्याच्या झिजलेल्या उंचवट्यांवर तोच संत्र्याच्या सालीचा पोत होता. म्हणजे झीज मूळ बिल्ल्याची होती. कोणा वैमानिकाच्या छातीवर मूळ बिल्ला झिजला आणि ती झीज साच्यातून माझ्यापर्यंत आली. खाचांतला काळेपणा गंधकाच्या द्रावणाने आणलेला होता. तो सगळ्या खाचांत सारख्याच जाडीचा होता आणि बिजागरीच्या डाखावरही चढला होता.

तरीही संग्राहकांनी निकाल द्यायला नकार दिला. त्यांचे म्हणणे असे, की एखाद्या सराफाने त्या काळातच हौसेखातर एखादा बिल्ला ओतून दिला असणे अशक्य नाही; ओतीव आहे म्हणजे आजचाच आहे, असे आपण फार लवकर म्हणतो. मला ते त्या क्षणी अतिसावध वाटले, थोडा रागही आला. इतकी लक्षणे जमल्यावर माणूस निकालासाठी आसुसलेला असतो. आज मात्र मी त्यांच्याच बाजूने आहे. लक्षणे संशय वाढवतात. निकालासाठी एखादी अशी गोष्ट हवी, जिचा दुसरा अर्थच लागू नये.

ती मिळाली आणखी सात आठवड्यांनी. माझ्या बिल्ल्यावर टाउबेच्या डाव्या पंखावर एक तिरका ओरखडा होता, चार मिलिमीटर लांब, तीन बरगड्या ओलांडून जाणारा आणि शेवटी साप जीभ काढतो तसा दोन फाट्यांत संपणारा. पहिल्या दिवसापासून मला तो आवडत असे. हा बिल्ला कुठे आपटला असेल, कोणत्या धावपट्टीवर, असे काहीबाही मी मनाशी रचले होते. एका दुसऱ्या लिलावाच्या यादीत तसाच एक बिल्ला निघाला, वेगळ्या डबीत, वेगळ्या पिनेचा. छायाचित्र मोठे करून पाहिले, तर डाव्या पंखावर तिरका ओरखडा, तीन बरगड्यांवरून गेलेला, शेवटी दोन फाटे. मी मोठे छायाचित्र मागवून घेतले, माझ्या बिल्ल्याचे तेवढ्याच आकारात छापले, पारदर्शक कागदावर ओरखडा गिरवला आणि दुसऱ्यावर ठेवला. फाट्यांमधला कोनही जुळला.

ठशाचा दोष दोन बिल्ल्यांवर सारखा असू शकतो, कारण दोन्ही त्याच ठशाखाली गेलेले असतात. ठशातून बाहेर पडल्यावर झालेला अपघात मात्र एकाच बिल्ल्याच्या वाट्याला येतो. दोघांवर तोच ओरखडा असेल, तर दोघेही तिसऱ्याच कोणावरून उतरलेले आहेत. ठशाच्या तड्याची रेघ असूनही संग्राहकांच्या बिल्ल्यावर तो ओरखडा नव्हता, म्हणजे मूळ बिल्ला आणखी कुठेतरी, त्यांच्या बिल्ल्याच्या भावंडांपैकी एक, असणार. मी फोन केला तेव्हा त्यांनी पहिल्यांदाच ‘खोटा’ हा शब्द उच्चारला.

ज्यांच्याकडून मी बिल्ला घेतला होता, त्यांनी हमीची मुदत संपल्याचे कळवले. ते नियमाला धरूनच होते, त्यामुळे भांडण्यात अर्थ नव्हता. दुसऱ्या लिलाववाल्यांना मी दोन्ही छायाचित्रे आणि पारदर्शक कागदाची प्रत पाठवली. त्यांनी काही उत्तर दिले नाही, पण विक्रीच्या दिवशी तो क्रमांक यादीतून गायब होता. माझा बिल्ला पुन्हा बाजारात जाऊ नये म्हणून मी त्याच्या पाठीवर, खोट्या ८०० च्या शेजारी, छिन्नीने ‘नक्कल’ ही अक्षरे मारून घेतली. त्या अक्षरांभोवती धातूची वरंबी अगदी छान उठली आहे.

गेल्या हिवाळ्यात तिसरा बिल्ला दिसला. त्याचा डावा पंख चकाकेपर्यंत घासलेला होता, शेजारच्या उजव्या पंखापेक्षा कितीतरी जास्त, आणि तिरका ओरखडा कुठे दिसत नव्हता. छायाचित्र मोठे केले. शेवटच्या बरगडीच्या पलीकडे, खाचेत, जिथे घासण्याचे हत्यार पोहोचत नाही तिथे, दोन फाटे तसेच होते.